नवतप्याच्या आधी नागपूर गाठा

वाचकाचं पत्र:

«मी पुणे जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, वय ४३. माहेर नागपूर. डिसेंबरात पुणे ते गोवा सायकलने एकटी गेले होते, तेव्हापासून मनात आहे की एकदा माहेरी सायकलने जायचं. नगर, संभाजीनगर, जालना, मेहकर, वर्धा असा जुना रस्ता, साधारण ७०० किलोमीटर. ८ दिवस धरलेत, २० मेला निघेन म्हणते. भाऊ म्हणतो, "नवतप्यात येतेस? वेड लागलंय का?" गेल्या रविवारी सरावाला सासवडवरून जेजुरी केली. परतताना अकराच्या सुमारास डोकं ठणकायला लागलं, मळमळलं, घरी येऊन उलटी झाली. पाणी तर सारखं पीत होते, चार-पाच लिटर सहज प्यायले असेन. मग चुकलं काय? रक्तदाबाची एक गोळी रोज चालू आहे. मोठी सुट्टी मे महिन्यातच मिळते, तेव्हा "हिवाळ्यात जा" असं कृपया सांगू नका.»
– सायकलवाली बाई, पुणे

ताई,

हिवाळ्यात जा असं नाही सांगत. माहेरी सायकलने जायची तुमची इच्छा मला मनापासून आवडली, आणि हा प्रवास व्हावा असंच मलाही वाटतं. पण २० मे ही तारीख सोडा आणि ८ दिवसांचा हिशेबही सोडा. या दोन्ही गोष्टी तशाच राहणार असतील, तर भावाच्या बाजूने माझंही मत धरा.

सूर्य रोहिणी नक्षत्रात गेल्यानंतरचे पहिले नऊ दिवस म्हणजे नवतपा, दरवर्षी २५ मेच्या आसपास सुरू होतो. २० तारखेला निघालात तर नेमक्या त्याच दिवसांत तुम्ही मेहकरच्या पुढे, विदर्भात असाल. तिथे तेव्हा ४५ अंश ही काही बातमी नसते. शिवाय हा आकडा सावलीतल्या हवेचा, जमिनीपासून सव्वा मीटरवर पेटीत ठेवलेल्या तापमापकाचा. तुम्ही असणार उघड्या डांबरावर, वरून ऊन आणि खालून झळा.

शाळेचा निकाल १ मेला लागला की ३ किंवा ४ मेला निघा आणि चौदा-पंधरा दिवस धरा. १६ ते १८ मेच्या दरम्यान घरी. ऊन तेव्हाही असेलच, चाळिशीच्या पुढचंच असेल, पण सांभाळता येण्याजोगं. एवढे दिवस कशाला, तर तुम्ही किलोमीटर मोजून टप्पे पाडलेत म्हणून. उन्हाळ्यात टप्पा घड्याळावर पाडायचा. दिवसातली सर्वांत गार वेळ सूर्योदयाच्या आगेमागे असते आणि पारा सर्वांत वर चढतो तो बाराला नव्हे, दुपारी तीन-चारला. म्हणजे हातात सलग वेळ एकच, पहाटे पाच ते सकाळी साडेनऊ. सामान लादलेल्या सायकलवर ताशी पंधराचा वेग धरला आणि थांबे वजा केले, तर या वेळेत ५५ ते ६५ किलोमीटर होतात. तेवढाच दिवस. शिरूर, नगर, नेवासा फाटा, छत्रपती संभाजीनगर, जालना ही गावं नशिबाने साधारण तेवढ्याच अंतरावर ओळीने लागतात. जालन्याच्या पुढे सिंदखेडराजा जवळच आहे. तो दिवस मुद्दाम छोटा ठेवा, जिजाऊंचं जन्मगाव नीट बघा आणि पाय सैल करा. मेहकर ते वर्धा हा भाग खरा कठीण, तिथे एक दिवस हाताशी राखून ठेवा. वर्ध्याच्या आधी लागणाऱ्या पुलगावच्या अलीकडचा टप्पा एका सकाळीत बसत नाही, तो दोन दिवसांत तोडा. (समृद्धी महामार्गाचा विचारही नको, सायकलला तिथे बंदी आहे.)

संध्याकाळी थोडं अंतर कापून घेऊ, हा मोह सगळ्यांनाच होतो. साडेपाचनंतर ऊन उतरलेलं दिसतं, पण रस्ता दिवसभराची उष्णता रात्रीपर्यंत बाहेर टाकत असतो, आणि तुम्ही आधीच थकलेल्या असता. फार तर गावातल्या गावात फिरा.

या रस्त्याची एक गोष्ट नकाशावर दिसत नाही. तुम्ही पश्चिमेकडून पूर्वेला जाताय. सूर्योदयानंतरचा पाऊण तास ऊन सरळ डोळ्यांत येईल. तुमच्या मागून येणाऱ्या ट्रकवाल्याच्याही डोळ्यांत तेच ऊन असेल, आणि त्याला तुम्ही दिसणारच नाही. माझ्या मते उन्हापेक्षा ही वेळ जास्त धोक्याची. चहा-पोह्यांचा थांबा नेमका तेव्हाच घ्या. नागपूरला सूर्य पुण्यापेक्षा वीसेक मिनिटं आधी उगवतो, तेव्हा पुढे पुढे निघायची वेळही तेवढी अलीकडे आणा. अंधारात मागचा लाल दिवा आणि चमकणारं जाकीट हवंच, आणि उजाडल्यावरही दिवा चालूच ठेवा.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. मे महिन्यात या भागात वारा बहुधा पश्चिमेचा, वायव्येचा असतो, म्हणजे तुमच्या पाठीवर. वारा पाठीवर आहे म्हणून खूश होऊ नका. वारा ताशी पंधराने आणि तुम्हीही पंधराने, मग अंगाला हवा लागणार कुठून? घाम वाळणं बंद होतं आणि त्रास होतोय हे कळतही नाही, कारण सायकल मजेत पळत असते. चढावर हेच होतं. वेग मंदावतो, हवा लागत नाही आणि जोर मात्र दुप्पट. अशा वेळी हलका गिअर टाका, नाहीतर उतरून सायकल हातात धरून चाला.

शरीरात काय चालतं ते एकदा लक्षात आलं की बाकीचं आपोआप सुचतं. आपण खातो त्यातल्या शक्तीचा जेमतेम पाव हिस्सा पेडलला मिळतो, उरलेल्याची उष्णता होते. ती बाहेर टाकायचा उन्हाळ्यातला एकच खरा मार्ग म्हणजे घाम वाळणं. एक लिटर घाम अंगावर पूर्ण वाळला तर साधारण ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. टपटप गळून पडलेला घाम काहीच नेत नाही. म्हणून कोकणात ३५ अंशांना जीव घाबरा होतो आणि मेहकरच्या कोरड्या हवेत ३९ लाही सकाळ बरी जाते. आजोळी छागल बघितलीच असेल तुम्ही, गाडीला टांगलेली कॅनव्हासची पाण्याची पिशवी. वारा लागेल तसं तिच्यातलं पाणी गार होतं. हीच युक्ती बाटलीवर करा. सुती मोजा ओला करून बाटलीवर चढवा आणि दर अर्ध्या तासाने पुन्हा भिजवा. आणि स्वतःवरही करा. विदर्भातल्या बायका-मुली डोक्याला, तोंडाला दुपट्टा गुंडाळून बाहेर पडतात, ते काही उगीच नाही. पातळ सुती दुपट्टा भिजवून मानेवर, खांद्यावर घ्या. पूर्ण बाह्यांचा, फिक्या रंगाचा, सैल सुती सदरा घाला, बाह्या भिजवत राहा. अंगावर ओतलेलं पाणी वाळतं तेव्हा तुमच्या पोटातलं पाणी वाचतं. त्यासाठी एक बाटली वेगळीच ठेवा, हातपंपाचं, टाकीचं कसलंही पाणी तिला चालतं. दुपट्ट्याचं टोक मात्र चाकात जाणार नाही असं खोचा.

आता जेजुरीचं. चार-पाच लिटर पाणी प्यायलात आणि तरी उलटी झाली, याची दोन कारणं असू शकतात. एक, ऊन लागायला सुरुवात झाली होती. दुसरं, ज्याचा फार कमी लोक विचार करतात: घामावाटे मीठ गेलं, वरून नुसतं पाणी भरलं आणि रक्तातलं सोडियम पातळ झालं. दोन्हींत डोकं दुखतं, मळमळतं. लघवी गडद आणि थोडी असेल तर पाणी कमी पडलंय. लघवी पाण्यासारखी, बोटं सुजलेली, अंगठी घट्ट झालेली असेल तर नुसतं पाणी जास्त झालंय, आणि तेव्हा अजून पाणी पिणं हेच चुकीचं औषध ठरतं. घरच्या घरी तपासायला सोपं आहे. पुढच्या सरावाला निघण्याआधी आणि आल्यावर घाम पुसून वजन करा. एक किलो घटलं म्हणजे एक लिटर पाणी कमी पडलं. शरीराच्या वजनाच्या २ टक्क्यांपर्यंत घट चालते. वजन वाढलेलं दिसलं, तर जेजुरीचं उत्तर तुम्हाला मिळालं.

म्हणून दोन बाटल्यांपैकी एकीत साधं पाणी, दुसरीत मीठ-साखरेचं. ओआरएसचं पाकीट लिटरभर पाण्यात पूर्ण घालायचं, अर्धं-मुर्धं नाही. पाकिटावरचे घटक वाचून घ्या, तशाच दिसण्यातली नुसती गोड सरबतंही दुकानात असतात. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्याला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चहाच्या चमच्याने. सारखं हेच पिऊन कंटाळा येतो, तेव्हा वाटेत मीठ घातलेलं ताक, कैरीचं पन्हं, ज्वारीची आंबील, काकडी, कलिंगड. सकाळी भाकरी-पिठलं मिळालं तर सोडू नका, त्यात मीठ असतंच. उसाचा रस घ्या, पण बर्फाशिवाय. त्या बर्फाचं पाणी कुठलं ते कुणी सांगू शकत नाही, आणि उन्हात जुलाब लागले तर प्रवास तिथेच संपतो. तहान लागेल तसं घोट घोट प्या, ठरवून पोट भरू नका. पाणपोईचा माठ दिसला की दोन्ही बाटल्या भरून घ्या, पुढचं गाव जवळ दिसत असलं तरी.

हे सगळं करण्याआधी रक्तदाबाच्या गोळीचं बघा. काही गोळ्यांनी लघवी जास्त होते, शरीरातलं पाणी आणि क्षार कमी होतात. काही हृदयाचे ठोके वाढू देत नाहीत, आणि उन्हात अंग गार ठेवायला ठोके वाढावे लागतात. तुमची कोणती, ते डॉक्टरांना चिठ्ठी दाखवून विचारा. रोज चार-पाच तास उन्हात, तेही दोन आठवडे, आणि मिठाचं पाणी पिणार आहे, हे स्पष्ट सांगा. गोळी आपल्या मनाने बंद करू नका. त्यांनी नाही म्हटलं तर माझा हा सगळा सल्ला बाजूला ठेवा.

शरीराला ऊन ओळखीचं व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात. तेवढ्यात घाम लवकर सुटायला लागतो, जास्त येतो, त्यातून मीठ कमी जातं, तेवढ्याच श्रमाला हृदयाचे ठोकेही कमी लागतात. एका रविवारी जेजुरी करून हे होत नाही. एप्रिलच्या शेवटच्या दोन आठवड्यांत रोज तासभर, संध्याकाळी साडेचार-पाचला, सपाट रस्त्यावर आणि घराच्या जवळ सायकल चालवा. पहिले चार दिवस अगदी रमतगमत.

आता ज्यासाठी मी हे एवढं लांब उत्तर लिहायला बसले ते सांगते. ऊन लागतं तेव्हा पाय नंतर थकतात, आधी बिघडतं ते डोकं, म्हणजे थांबायचं की नाही हे ठरवणारं डोकं. माणूस चिडचिडा होतो, हट्टी होतो, "एवढं पुढचं गाव गाठू" म्हणतो. सोबत कुणी असलं तर ते ओढून सावलीत बसवतं. एकटीला कोण बसवणार? म्हणून थांबण्याचे निर्णय पुण्यात, पंख्याखाली बसून, आत्ताच घ्यायचे आणि कागदावर लिहायचे. रस्त्यावर ते फक्त पाळायचे. साडेनऊ वाजले की लागेल ते पहिलं गाव शेवटचं. त्या जिल्ह्याला हवामान खात्याचा ऑरेंज किंवा रेड अलर्ट असेल तर त्या दिवशी सायकल बाहेर काढायची नाही. उन्हात अंगावर काटा आला, थंडी वाजल्यासारखं झालं, चक्कर आली, हात-पाय वळायला लागले, तर तो दिवस तिथे संपला, घड्याळात सात का वाजलेले असेनात.

आणि यातला एक अधिकार भावाला द्या. रोज सहा, साडेसात आणि नऊला त्याला फोन करायचा. "बरी आहे" एवढ्यावर त्याने समाधान मानायचं नाही. मागचं गाव कोणतं गेलं, बाटलीत पाणी किती उरलंय, हे विचारायचं आणि सतराचा पाढा म्हणायला लावायचा. तुम्ही बाई आहात शाळेतल्या, सतराचा पाढा तुम्हाला झोपेतही येत असेल. पाढा अडखळला, बोलणं जड वाटलं, विनाकारण खेकसलात, तर तो म्हणेल "थांब", आणि तुम्ही थांबायचं, वाद घालायचा नाही. ठरल्या वेळेला फोन आला नाही तर वीस मिनिटं वाट बघून त्याने कुणाला फोन लावायचा, ती प्रत्येक मुक्कामाची यादी त्याच्याकडे आधीच हवी. नवतप्यावरून ओरडणाऱ्या माणसाला हे काम दिलंत तर तो मन लावून करेल, असं मला वाटतं.

एक कार्ड मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहून हँडलवरच्या पिशवीत दिसेल असं लावा: "मी पडलेली किंवा बडबडताना दिसले तर सावलीत न्या. अंगावर भरपूर पाणी ओता, वारा घाला. १०८ ला फोन करा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका." खाली भावाचा नंबर आणि गोळीचं नाव. उष्माघातात शरीराचं तापमान ४० अंशांच्या वर गेलेलं असतं, आणि दवाखान्यात नेण्याची धावपळ करताना वाया जाणारी तीच मिनिटं महत्त्वाची असतात. आधी अंग गार करायचं, गाडी येईपर्यंत आणि गाडीतही. घाम येतोय म्हणजे उष्माघात नाही, असं समजू नका. श्रम करताना ऊन लागलेल्या माणसाला घाम असूही शकतो. पॅरासिटामॉलने हा ताप उतरत नाही. आणि अंगातलं पाणी कमी असताना दुखण्यावरच्या आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या मूत्रपिंडाला जड जातात, त्या सोबत ठेवूच नका.

दुपारी दहा ते पाच काढायची कुठे, हा एकट्या बाईला पडणारा खरा प्रश्न. या रस्त्यावर देवळांची सोय चांगली आहे: नेवासा फाट्याजवळ देवगड, मेहकरला शारंगधर बालाजी, कारंजाला गुरुमंदिर. दगडी मंडपात दुपार बरी जाते, माणसांची येजा असते. मोठ्या देवस्थानांच्या भक्तनिवासात खोली मिळू शकते. एकट्या बाईला देतात का, ते आधी फोन करून विचारा. तुमच्याकडे आणखी मोठी ठेव आहे ती शिक्षकांची. प्रत्येक तालुक्यात कुणी ना कुणी ओळखीतून सापडेल, आणि सायकलने माहेरी निघालेल्या बाईंना दुपारी घरात घेणार नाही असं घर मला या पट्ट्यात माहीत नाही. लॉजवर राहायची वेळ आली तर वरच्या मजल्यावरची खोली घेऊ नका. दिवसभर तापलेला स्लॅब रात्रभर उष्णता सोडतो, झोप होत नाही आणि रात्री अंग गार झालं नाही तर दुसऱ्या दिवशी तुम्ही तोट्यातूनच सुरुवात करता. तळमजला आणि कूलर मागा, पैसे जास्त पडले तरी.

सायकलचं थोडक्यात. उन्हाने टायर फुटतील ही भीती फार मनावर घेऊ नका. हवा गार असताना भरली आणि टायर तीस अंशांनी तापला तरी दाब दहाएक टक्क्यांनीच वाढतो. पहाटे भरताना कंपनीने लिहिलेल्या कमाल दाबापेक्षा थोडी कमी भरा, झालं. त्रास होईल तो बाभळीच्या काट्यांचा, आणि तापलेल्या ट्यूबवर ठिगळ नीट बसत नाही. दोन नव्या ट्यूब जवळ ठेवा, रस्त्यावर ट्यूब बदला, ठिगळं मुक्कामाला लावा. मोबाइल हँडलवर उघडा ठेवलात तर तापून बंद पडेल, आणि तुमचा सगळा भरवसा त्याच्यावर आहे. पिशवीत, ओल्या बाटलीपासून दूर ठेवा.

जालन्याला पोचलात की एक दिवस थांबा. पुढच्या पाच दिवसांचा विदर्भाचा अंदाज बघा, वजन करा, झोप कशी होतेय ते बघा. इथवर आलात म्हणजे निम्म्याच्या जवळ आलात आणि इथे रेल्वे स्टेशन आहे. यानंतर नागपूरच्या गाडीचं मोठं स्टेशन रस्त्यातच लागतं ते थेट पुलगावला. पुढे लाट येणार असेल तर सायकल पार्सलला टाकून गाडीने माहेरी जा आणि उरलेला रस्ता दिवाळीच्या सुट्टीत जालन्यापासून सुरू करा. ही परतीची वाट निघण्याआधीच घरच्यांना सांगून ठेवा, म्हणजे तिथे ती घेताना जड जाणार नाही.

सर्व ठीक असेल तर वर्ध्याहून शेवटचा दिवस उरतो, आणि मला तोच सर्वांत जास्त काळजीचा वाटतो. नागपूर पंचाहत्तर-ऐंशी किलोमीटर, एका सकाळीत न बसणारं, आणि पुढे घर दिसत असल्याने साडेनऊचा नियम मोडायला मन आधीच तयार असतं. भावाला सकाळी नऊला बुटीबोरीला बोलवा. तुम्ही साडेचारला वर्धा सोडा, तिथे पोचून सामान त्याच्या गाडीत टाका, आणि दुपार तिथेच कुठेतरी पंख्याखाली काढून राहिलेलं अंतर संध्याकाळी मोकळ्या सायकलवर, त्याची गाडी मागे ठेवून पूर्ण करा. संध्याकाळी निघायचं नाही हा नियम या एका दिवसापुरता सैल करायला हरकत नाही, कारण त्या दिवशी तुम्ही एकट्या नसाल.